लई शहाणं लेकरू, रडतच नाही

प्रश्न छत्रपती संभाजीनगरहून आहे. विचारणाऱ्या ताई बँकेत, नवरा वाळूज एमआयडीसीत शिफ्टवर. रजा वाढवत वाढवत मुलीला आठवा महिना लागला, आता आणखी वाढत नाही. सासूबाई बीडच्या धारूर तालुक्यातल्या गावी असतात. त्यांचं म्हणणं, लेकरू माझ्यापाशी ठेवा, शनिवार-रविवार येत जा. ताई कचरल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझा नवरा नाही का आजीपाशी वाढला? आम्ही सहा-सहा महिने कारखान्याला, ऊसतोडीला. एक दिवस रडला नाही. लई शहाणं लेकरू." ते शहाणं लेकरू आज चौतीस वर्षांचं आहे. घरात वाद झाला की दोन-दोन दिवस तोंड उघडत नाही, आणि मुलगी रडायला लागली की गॅलरीत जाऊन उभं राहतं. ताईंना विचारायचंय की मुलीला गावी ठेवावं का, आणि नवऱ्याचं हे वागणं लहानपणातून आलंय का.

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. ठेवू नका, दुसरा कुठलाही मार्ग निघत असेल तर तो काढा. सासूबाई कमी पडतील असं मला अजिबात वाटत नाही. पण आठव्या महिन्यात पाच-पाच दिवस, रात्रीसुद्धा, आई-बाप दोघंही दिसणार नाहीत हे लेकराला जड जातं. दुसऱ्याचं उत्तर 'असू शकतं' एवढंच आहे. त्या 'असू शकतं'पायी हे एवढं लांबण लावतेय.

मी बावीस वर्षं बीडला मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते. या जिल्ह्यात हे काम करायचं तर ऊसतोडीचं वेळापत्रक पाठ लागतं. दसरा झाला की गावं हलायला लागतात, दिवाळीनंतर वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात, आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की चैत्राच्या आगेमागे माणसं परततात. नवीन असताना मी एका बाईला, तिच्या कडेवर सव्वा वर्षाचं पोर होतं, अगदी पुस्तकातलं सांगितलं होतं: या वयात लेकराला आई लागते, यंदा हंगामाला जाऊ नका. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उचल घेऊन बसलोय, बाई. अर्ध्या कोयत्याला मुकादम काय देणार? तुम्ही फेडता का?" उठून गेली ती गेली, पुन्हा आली नाही. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे मला तेव्हाही माहीत होतं, त्याचा अर्थ कळला नव्हता. तेव्हापासून 'आईने जवळ राहावं' हे वाक्य मी सल्ला म्हणून वापरत नाही. जवळ कोण राहणार आहे आणि गेलेलं माणूस परत कसं येणार आहे, एवढं विचारते.

अटॅचमेंटला पुस्तकी प्रतिशब्द बरेच आहेत. मला आपला 'लळा' पुरतो. लळा हुकमावर लागत नाही, आणि जो करतो त्याचाच लागतो. नात्याने आई आहे, बाप आहे म्हणून आपोआप लागत नाही.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर हा विषय हाती घेतला, तेव्हा जाणकारांची समजूत अशी होती की बाळ आईला चिकटतं ते दुधासाठी. बोल्बीचं म्हणणं पडलं की लेकराला भीती वाटल्यावर कुणाकडे तरी पळता यावं लागतं, त्यासाठी ते चिकटतं. आपण हे शेतात रोज बघतो. कुत्रं भुंकलं की करडू शेळीच्या पोटाखाली शिरतं, तेव्हा त्याला भूक लागलेली नसते. आणि शेळी जवळपास आहे याची खात्री असली की तेच करडू बांधापर्यंत उड्या मारत जातं. जवळ पळणं आणि लांब जाणं या एकाच दाव्याच्या दोन गाठी आहेत. ज्या लेकराला परत यायची जागा पक्की माहीत असते ते लांब जायला भीत नाही. मुलांना 'चिकट होईल' म्हणून लवकर सोडवणाऱ्यांना हे पटवताना मला आजही घाम फुटतो.

बोल्बी स्वतः दाईच्या हाताखाली वाढला. तो चार वर्षांचा असताना ती घर सोडून गेली. सांभाळणारी अशी बाई जाणं हे मुलाला जवळजवळ आई जाण्याइतकंच जड असतं, असं त्याने पुढे सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, आजीच्या संदर्भात लागेल.

पहिले पाच-सहा महिने लेकरू बहुतेकांच्या हातात जातं. सातव्या-आठव्या महिन्यापासून निवड करायला लागतं, ओळखीच्याला हात पसरतं आणि परक्याला बघून ओठ काढतं. 'आता माणूस ओळखतंय' असं आपण म्हणतो. ताई, तुमची मुलगी नेमकी या उंबरठ्यावर आहे. तीन वर्षांची असती, 'शनिवारी येते' याचा अर्थ तिला कळत असता, तर मी एवढं ताणलं नसतं. आता तिच्या लेखी समोर नाही तो माणूस गेला. कुठे गेला, कधी येणार, याला तिच्याकडे शब्द नाहीत.

आईच हवी का? नाही. ग्लासगोमध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी एमर्सन यांनी ६० बाळांचा पाठपुरावा केला आणि १९६४ मध्ये तो प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईतो त्यातल्या बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता, बापाचा, आजीचा, भावंडांचा, शेजारणीचा. दिवसभर जो सांभाळतो त्याचाच सर्वांत जास्त लागतो असंही नव्हतं. जो हाकेला ओ देतो, खेळवतो, त्याचा लागत होता. बोल्बीने सुरुवातीला सगळा भार आईवर टाकला होता, तो फार झाला होता. हे सांगायला आपल्या वस्त्यांना स्कॉटलंडची गरज नव्हती, पण असो.

आता मेरी एन्सवर्थ. ही मानसशास्त्रज्ञ १९५४-५५ मध्ये युगांडात होती. कंपालाजवळच्या खेड्यांत २६ घरांमध्ये ती दर पंधरवड्याला जाऊन बसायची, बघायची, विचारायची. शेतात राबणाऱ्या बायका, माणसांनी भरलेली घरं. तिथे तिला एक गोष्ट दिसली जी मी रोज वापरते. ज्या आईला आपल्या लेकराचं बारीकसारीक सांगता येतं, न विचारता सांगता येतं, तिचं लेकरू निर्धास्त असण्याचा संभव जास्त. म्हणून माझ्याकडे मूल घेऊन कुणी आलं की मी विचारते, "झोप आली की काय करतं?" आई म्हणते, "झोपतं की." आणि मागे बसलेली आजी म्हणते, "आधी डावा कान ओढतं. मग उजवा. उजवा धरला की समजायचं, आता पाच मिनिटं." मला तेवढं पुरतं. त्या घरात लेकरू कुणाचं आहे ते मला कळलेलं असतं.

पुढे बाल्टिमोरला एन्सवर्थने साधारण २० मिनिटांची एक चाचणी बसवली. वर्षा-दीड वर्षाचं मूल, आई, खेळणी, एक अनोळखी बाई. आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि दोनदा परत येते. लोकांना वाटतं की आई गेल्यावर मूल किती रडतं ते बघायचं असेल. खरं बघायचं असतं ते आई परत आल्यावर. अमेरिकेत साधारण दोन-तृतीयांश मुलं आई आली की तिच्याकडे धावतात, बिलगतात, हुंदके थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळण्यांकडे वळतात. काही मुलं उचलून घे म्हणतात आणि उचललं की लाथा झाडतात. त्यांचा राग निवत नाही आणि खेळण्यात जीव रमत नाही. आणि काही मुलं आई गेली तरी खेळतात, आली तरी खेळतात. मान वळवतात, ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहतात. हे आपलं 'लई शहाणं लेकरू'.

या शेवटच्यांना सुरुवातीला लोक स्वावलंबीच समजत. १९७७ मध्ये ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी चाचणीत मुलांच्या हृदयाचे ठोके मोजून दाखवले. चेहऱ्यावर काही नाही, हात खेळण्यात, आणि छातीत ठोके रडणाऱ्या मुलांसारखेच वाढलेले, आई परतल्यावरही लवकर न उतरणारे. म्हणजे लेकराला त्रास तेवढाच होतो. फक्त त्याला कळून चुकलेलं असतं की रडून हाती काही लागत नाही, कधी कधी रडल्याने माणूस आणखी लांब जातं. वर्षाच्या आत ही अक्कल येते. म्हणून कुणी कौतुकाने 'रडतच नाही हो' म्हणालं की मी खूश व्हायच्या आधी वही उघडते. तसं स्वभावतःच थंड लेकरूही असतंच. ते पडलं, खरचटलं, की कुणाकडे बघतं तेवढं बघा. कुणाकडेच बघत नसेल तर मात्र विचार करा.

चौथाही प्रकार आहे. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी तो पुढे ओळखला. ज्याच्याकडे पळायचं त्याचीच भीती, अशा घरातल्या मुलांमध्ये तो जास्त दिसतो. तुमच्या प्रश्नात तसं काही नाही, सोडून देते.

एक चैत्र सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. पहाटे टोळी परतली होती. मी अंगणवाडीच्या कामाने वस्तीवर गेले होते. सहा महिन्यांनी आलेली आई दारात उकिडवी बसलेली, पाचटाने चिरलेल्या हातांत नवा फ्रॉक. दोन वर्षांची पोर आजीच्या लुगड्याआड, निऱ्यांची घडी मुठीत धरून. आई बोलावतेय आणि पोर माझ्याकडे बघतेय. मी सर्वस्वी परकी, तरी माझ्याकडे बघणं तिला सोपं जात होतं. आई हसली, "वळखंना की मला." मग आत गेली आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला बसली, आवाज करत. आजी म्हणाली, "येईल दोन दिसात वाटंवर." आजीचं खरं होतं, पण पुढचं मला नंतर अंगणवाडी ताईंनी सांगितलं. चौथ्या दिवसापासून पोर आईला परसाकडेलाही एकटी जाऊ देईना, आणि रात्री उठून उठून तिच्या तोंडावर हात फिरवून बघायची.

तिने ओळखलं नव्हतं का? माझ्या मते पुरतं ओळखलं होतं, म्हणूनच बघत नव्हती. जेम्स रॉबर्टसन या बोल्बीच्या सहकाऱ्याने १९५० च्या आसपास इस्पितळात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं हेच टिपलं होतं. आधी आकांत, मग मलूल होणं, मग तुटून बसणं. तेव्हाच्या वॉर्डांत तिसरा टप्पा आला की 'मूल रुळलं' असं समजत.

याच रॉबर्टसनने पत्नी जॉइसबरोबर पुढे आणखी एक काम केलं, आणि तुमच्यासाठी ते जास्त उपयोगाचं आहे. १७ महिन्यांचा एक मुलगा आईच्या बाळंतपणात ९ दिवस निवासी पाळणाघरात राहिला. तिथल्या बायका प्रेमळ होत्या, पण बदलत राहायच्या, त्याची अशी एक कुणीच नव्हती. आई न्यायला आली तेव्हा त्याने तिला झिडकारलं. दुसरीकडे, अशाच चार मुलांना रॉबर्टसन दांपत्याने आपल्या घरी सांभाळलं. आधी ओळख करून घेतली, कोण कसं झोपतं, काय खातं ते विचारून घेतलं, घरची खेळणी आणली, आईचा फोटो दाखवत राहिले. ती मुलं कष्टी झाली, पण मोडली नाहीत.

म्हणजे दुरावा तोच, पण त्या काळात धरायला एक पक्कं माणूस आहे की नाही यावर फार काही ठरतं. तुमच्या नवऱ्याला ते होतं. ती आजी नसती तर आज तुम्ही मला वेगळाच प्रश्न विचारत असता. फक्त एक हिशेब आपल्याकडे राहून जातो. दिवाळीत आई गेली हे सगळे मोजतात, चैत्रात आजी सुटली हे कुणी मोजत नाही. घर एकच असेल तर ठीक, पण कित्येक घरांत सांभाळणारी आजी म्हणजे आईची आई, गाव वेगळं. तिथून लेकरू 'आपल्या घरी' आणतात आणि ते रडलं तर म्हणतात, आजीने लाडावून ठेवलंय. वर्षातून दोनदा, पाच-सहा वर्षं, एक माणूस हातातून सुटतं. असं लेकरू कुणालाच घट्ट धरत नसेल तर त्यात नवल ते काय.

इथवर वाचून तुम्ही घाबरला असाल तर थांबा. या शास्त्राला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्या जात नाहीत. जपानमध्ये सप्पोरोला हीच चाचणी केली तेव्हा बरीच मुलं समजूत काढता न येण्याइतकी रडली, कारण ती घरी आईपासून क्वचितच सुटत. अमेरिकन पट्टीवर ती 'असुरक्षित' ठरली. आपल्या भरल्या घरातलं, कधीच एकटं न राहिलेलं लेकरू त्या खोलीत नेलं तर काय होईल सांगा. दुसरं, आईच्या वागण्यावर सगळं ठरतं हेही खोटं. मारियान द वोल्फ आणि मारिनस व्हान आयझेंडोर्न यांनी १९९७ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा आईची संवेदनशीलता आणि लेकराचा लळा यांतला सहसंबंध ०.२४ भरला, पूर्ण जुळला असता तर तो १ असता. संबंध आहे, पण बाकी किती तरी गोष्टींना त्यात जागा उरते: बाप, गरिबी, आजारपण, घरातली शांतता. तिसरं, एड ट्रॉनिक यांनी आई-बाळाचे चेहरे क्षणाक्षणाला तपासले तेव्हा दोघांचा सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेला सापडला. बाकी सगळी चुकामूक आणि पुन्हा जुळवाजुळव. आपल्या भाषेत, रुसणं आणि रुसवा काढणं. बँकेतून दमून आल्यावर तुमचं लक्ष नसेल, मोबाइलकडे बघाल, चिडाल. ते चालतं. नंतर जवळ घेऊन रुसवा काढला की झालं.

आता नवऱ्याकडे वळते. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हा विचार मोठ्यांच्या प्रेमाला लावला, आणि तिथून निघालेलं पाणी आता रीलपर्यंत आलंय. दर आठवड्याला एखादी तरी बाई मला सांगते, "मॅडम, हे अव्हॉयडंट आहेत." 'जवळीक टाळणारा' अशा अर्थाचा हा शब्द नवऱ्याच्या कपाळावर चिकटवलेला मला आवडत नाही. मिनेसोटात गरीब घरातल्या मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. पहिल्या वर्षाचा ठसा त्यांच्या मैत्रीत, रागात, पुढच्या नात्यांत दिसला, पण मधल्या आयुष्यात कुणी चांगलं भेटलं किंवा घर कोसळलं की वाट बदलतानाही दिसली. तुमचा नवरा शिफ्टने दमलेला असू शकतो. त्याच्या घरात पुरुष असेच असतील. आणि हो, लहानपणही असू शकतं.

मेरी मेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांची एक मुलाखत बसवली. लहानपणच्या आईसाठी पाच शब्द सांगा, मग प्रत्येक शब्दाला एक आठवण. ती रीतसर घ्यायला वेगळं प्रशिक्षण लागतं, मी फक्त ही युक्ती उचलली आहे. असाच एक तरुण बाप, कंपनीत कामाला, बायकोने आणलेला. आई कशी होती? "प्रेमळ. कष्टाळू. प्रेमळच." एखादा प्रसंग? "प्रसंग काय, आईच होती ना ती." चार बैठका याच्या पुढे गाडी जाईना. पाचव्या वेळी बूट घालता घालता तो म्हणाला, "ट्रॅक्टर पहाटे यायचा. मी झोपेत असतानाच निघायचे, मी रडू नये म्हणून. उठलो की चुलीपुढं आईच्या जागेवर आजी. मी विचारायचो नाही, गेली का म्हणून. दिसतच होतं की." मग जरा थांबून, "अजून पहाटे ट्रॅक्टर वाजला की आधी बायकोचं अंथरूण चाचपतो." हे तिला कधी सांगितलंय का, विचारलं. "त्यात काय सांगायचं."

सांगायचं असतं ते तेच. लंडनमध्ये पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणी बायकांच्या अशा मुलाखती घेतल्या आणि बाळ वर्षाचं झाल्यावर चाचणी केली. चारांतल्या तिघींच्या बाबतीत मुलाखतीवरून केलेला अंदाज बरोबर आला. त्या अंदाजात लहानपण सुखाचं होतं की हालाचं याला फारसं वजन नव्हतं. वजन होतं ते माणूस आपलं लहानपण सरळ सांगू शकतो का याला, न झाकता आणि न वाहवता. लहानपण खडतर गेलेली पण ते सांगता येणारी माणसं आपल्या लेकरांना निर्धास्त वाढवतात, हे मी इथेही पाहिलंय.

तेव्हा हे सगळं त्याला वाचून दाखवू नका. 'तुझ्या लहानपणामुळे तू असा' हे वाक्य भांडणात तर मुळीच नको, तो आणखी दोन दिवस गप्प बसेल. अबोला दोन जातींचा असतो. एक समोरच्याला टोचायला धरलेला, दुसरा आतून बंद पडलेला. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा वाटतो, तरी पक्कं तुम्हालाच कळेल. बंद पडलेल्या माणसाच्या मागे गॅलरीत जाऊन 'बोल, बोल' केलं की तो आणखी आत जातो. त्याच्याकडून एकच मागा: जाताना सांगून जा, दहा मिनिटांत येतो म्हण आणि ये. काय बोलायचं ते नंतर. मुलगी रडताना तो पळतो तेव्हा तिची काळजी नाही असं समजू नका. ते रडणं त्याला सहन होत नसावं, कारण तो स्वतः कधी रडलेलाच नाही. त्याला शांत वेळेतलं काम द्या. शिफ्टवरून आल्यावर तेल लावणं आणि अंघोळ, रोज त्याचीच. रडणं हाताळायला तो तिथून शिकेल.

मुलीचं असं करा. सासूबाईंना तुमच्याकडे बोलवा. तुम्ही रुजू व्हायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी. पहिल्या आठवड्यात तुम्ही घरातच असा, पण भरवणं, झोपवणं हळूहळू त्यांच्या हाती द्या. मग तासभर बाहेर जा, मग अर्धा दिवस. सासूबाई येऊच शकत नसतील तर पाळणाघर चालेल, पण लेकराला हाताळणारी बाई रोज तीच असली पाहिजे. इमारत आणि खेळणी नंतर बघा, आधी विचारा की ती बाई किती वर्षं तिथे टिकली आहे.

आणि नजर चुकवून निघू नका. ही आपल्याकडची सगळ्यांत रुळलेली खोड. आजी लेकराला चिमणी दाखवायला परसात नेते आणि आई पुढच्या दाराने सटकते. त्या वेळी रडणं टळतं, पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे लेकरू शिकतं, आणि मग तुम्ही घरात असतानाही पदर सोडत नाही. आपण निघताना मोठ्या माणसांना 'जाते' कधी म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ते लेकरालाही म्हणा. रोज तेच शब्द, त्याच दारात, अर्ध्या मिनिटात. ती रडेल, रडू द्या, आजीच्या कडेवर रडेल. संध्याकाळी आल्यावर पर्स ठेवायच्या आधी तिला घ्या.

'उचलू नको, कडेची सवय लागेल' असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांना बाल्टिमोरच्या घरांत उलटं दिसलं होतं, सुरुवातीला रडण्याला लवकर ओ मिळालेली बाळं वर्षअखेरीस कमी रडत होती. नंतरच्या अभ्यासांत चित्र इतकं सरळ आलं नाही, पण उचलल्याने लेकरू बिघडतं असं काही सिद्ध झालेलं नाही. मात्र 'तुला बोहारणीला देऊन टाकीन', 'तू बोहारणीकडून भांड्यावर घेतलेली' ही थट्टा मुलगी बोलायला लागायच्या आत घरातून हद्दपार करा. टाकून देण्याची धमकी मुलांच्या मनात किती खोल जाते यावर बोल्बीने बरंच लिहिलंय. मी तर पंचेचाळिशीची माणसं ती आठवून रडताना पाहिली आहेत.

कुठलाच मार्ग निघाला नाही आणि गावीच ठेवावं लागलं, तर तुम्ही अपराधी आहात असं मी म्हणणार नाही. त्या कोयत्याच्या बाईने माझी ती खोड मोडली आहे. मग आधी तुम्ही गावी जाऊन आठ-पंधरा दिवस राहा. तुमची न धुतलेली साडी तिच्या अंथरुणात ठेवा. मधल्या एका रात्री दोघांपैकी कुणीतरी एसटीने जाऊन या. व्हिडिओ कॉलने आठ महिन्यांच्या लेकराची समजूत पटत नाही, पण आजीने फोन धरून 'आई बघ' म्हटलं तर नाव जागं राहतं. आणि शनिवारी गेल्यावर तिने मान फिरवली तर दुखावून घेऊ नका. जवळ बसून राहा, ओढून घेऊ नका, तिला येऊ द्या.

एक तुमच्याबद्दल. झोप उडणं, सारखं रडू येणं, लेकराकडे बघून काहीच न वाटणं, यातलं काही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं असेल तर ते अंगावर काढू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य औषधाने, बोलण्याने बरं होतं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही आहे, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

राहिल्या सासूबाई. त्या नातीला मागतायत यामागे तुमची सोय आहेच, पण मला आणखी काहीतरी दिसतं. त्यांनी स्वतःच्या मुलाचं एकही वर्ष सलग पाहिलेलं नाही. त्याने पहिलं पाऊल टाकलं ते बहुधा त्यांना कुणाकडून तरी कळलं असेल. त्यांना 'ठेवत नाही' म्हणण्याआधी एकदा संध्याकाळी, मुलगा घरात असताना, विचारा की ट्रॅक्टरमध्ये बसल्यावर तुम्हाला कसं वाटायचं. त्याला काही बोलायला लावू नका, नुसतं ऐकू द्या.

आणि त्या तुमच्याकडे आल्या तर कायमच्या अडकवू नका. त्यांची शेळी असेल, पेरणी असेल, एकादशीचं भजन असेल. महिन्यातून चार दिवस त्यांना गावी जाऊ द्या, तेवढ्या दिवसांची तुमची रजा किंवा नवऱ्याची सुट्टी आधीच ठरवून ठेवा. निघताना त्यांनीही नातीला सांगून निघावं. तिला काय कळतंय, असं त्या म्हणतील. तरी दारात उभं राहून 'येते गं' म्हणायला लावा.